धानाच्या मुलखातला घोडा आणि त्याचा मुक्काम

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील वरठी हे गाव मुंबई-हावडा लोहमार्गावर वसलेले असून तेथील स्थानकाला ‘भंडारा रोड’ असे नाव आहे. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण येथून दहा-बारा किलोमीटर दक्षिणेला, वैनगंगेच्या काठी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा लोहमार्ग झाला. त्यापूर्वी नागपूरहून पूर्वेकडे छत्तीसगड, ओडिशा आणि बंगालकडे जाणारे सैन्य, वकील, अंमलदार आणि प्रवासी याच पट्ट्यातून घोड्यावर, मेण्यात, बैलगाडीत किंवा पायी जात असत. या प्रवासाच्या इतिहासात एक विसंगती आढळते. किमान दीडशे वर्षे घोडा या मुलखातून सतत ये-जा करीत राहिला, त्याच्यासाठी मुक्काम पडले, गवत कापले गेले आणि गावोगावच्या लोकांनी त्याची बडदास्त ठेवली, परंतु तो येथील शेतकऱ्याच्या गोठ्यातले जनावर कधीही झाला नाही. तो सत्तेबरोबर आला आणि सत्तेने वाहन बदलले तेव्हा निघून गेला. असे का झाले, याचे उत्तर निम्मे येथील जमिनीत आणि निम्मे राज्यकारभाराच्या रीतीत सापडते.

जमिनीचा विचार आधी करावा लागतो. पूर्व विदर्भाचा हा भाग झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो आणि त्याचे मुख्य पीक धान आहे. कोहळी समाजाच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव आणि त्यांच्या पाण्यावर भिजणाऱ्या बांध्या, म्हणजे चारही बाजूंनी मातीचे बांध घालून पाणी अडवलेली धानाची शेते, यांनी हा मुलूख व्यापलेला आहे. पावसाळ्यात अशा शेतांतून आणि त्यांना लागून असलेल्या चिखलाच्या वाटांतून बैल आणि रेडा चालू शकतो, पण घोड्याचा अरुंद, सलग खूर त्या गाळात रुतत जातो. चाऱ्याचीही अडचण होती. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात घोड्याला ज्वारीचा कडबा मिळे. येथे वैरण म्हणून मिळे ती तणस, म्हणजे मळणीनंतर उरलेला धानाचा पेंढा, आणि तो रवंथ करणाऱ्या बैलाला जितका पचतो तितका घोड्याला पचत नाही. धान कापणीला येण्याआधी त्याच बांधीत ओल असताना लाखोळी फेकून पेरण्याची उतेरा पद्धत या भागात रूढ होती, त्यामुळे स्वस्त आणि मुबलक दाणा म्हणजे लाखोळीचा; परंतु हा दाणा दीर्घकाळ खाल्लेल्या घोड्याचे मागचे पाय लुळे पडतात आणि घशाचे स्नायू निकामी होऊन श्वास घेताना घरघर लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये आयात केलेली लाखोळी खाऊ घातलेल्या गाडीच्या घोड्यांतही हाच विकार दिसून आला होता. शिवाय पावसाळ्याच्या शेवटी ओलसर रानात गोमाश्या माजतात आणि त्यांच्या दंशातून सर्रा हा रक्ताचा रोग पसरतो, ज्यात घोड्याला वारंवार ताप येतो, अंगावर सूज चढते आणि तो झिजत जाऊन मरतो. या रोगाचे सूक्ष्म परोपजीवी जंतू ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माइल खान येथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात शोधून काढले. कारण कळण्याच्या कितीतरी आधीपासून घोडे पाळणारे लोक रानाळ, दमट प्रदेशात पावसाळ्यात जनावर ठेवायला कचरत आले होते.

ज्या मराठी सत्तेने हा मुलूख अठराव्या शतकात ताब्यात घेतला तिचे सैन्य मात्र मुख्यतः घोडदळाचे होते. देवगडच्या गोंड राज्यातील वारसाहक्काच्या भांडणात हस्तक्षेप करून रघूजी भोसले यांनी नागपुरात पाय रोवले आणि १७४० च्या दशकात नागपूर हे सेनासाहेबसुभा या पदवीने ओळखल्या जाणाऱ्या भोसल्यांचे मुख्य ठाणे झाले. त्यांच्या घोडदळाची घडण शिवकाळापासून चालत आलेल्या दोन वर्गांवर उभी होती : ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. सरकारी घोड्यांच्या तुकडीला आणि त्यांच्या तबेल्यालाही पागा म्हणत. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि त्यावर पंचहजारी अशी ती चढती रचना होती, आणि दर पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंद नेमलेला असे. अठराव्या शतकात ही शिस्त पुष्कळ सैल झाली आणि सरदारांच्या खासगी पागा व शिलेदार यांचे प्रमाण वाढले, तरी पाणी आणि नाल या दोन गोष्टींवाचून घोडदळ हलत नाही हे त्या रचनेमागचे व्यवहारज्ञान सर्व काळी लागू राहिले.

त्या व्यवस्थेचा दुसरा कणा म्हणजे वर्षाची विभागणी. सभासदाने सांगितल्याप्रमाणे पावसाळ्यात लष्कराने छावणीस यावे, तेथे घोड्यांसाठी दाणा, गवत, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे आधीच तयार असावीत, दसरा होताच कूच करावे आणि पुढील आठ महिने मुलुखगिरीवर काढून वैशाखात परतावे. छावणी म्हणजे एका जागी दीर्घकाळचा वास, मुक्काम म्हणजे वाटेतला एका-दोन रात्रींचा थांबा, आणि एका मुक्कामापासून दुसऱ्यापर्यंतची वाट म्हणजे मजल. छावणी किती नाजूक वस्तू असते हे शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणकडील छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना पाठवलेल्या प्रसिद्ध पत्रातून उलगडते. दाणा-गवत मन मानेल तसे उधळले तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि त्यांच्या मरणाचे कारण तुम्हीच ठराल, अशी समज त्यात दिली आहे. शिवाय कोणी गवताजवळ आगटी पेटवील, कोणी तंबाखू ओढील, रात्री दिवा तसाच जळत राहील आणि एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल, तेवढ्याने गंज्या आणि पागा जळून जातील, असा इशाराही आहे. राज्य चालवणारा पुरुष उंदराने पळवलेल्या वातीपर्यंत विचार करतो, कारण त्या राज्याचे बळ गवताच्या गंजीला लागून बांधलेले असते.

मुक्कामाचे तंत्रही ठरलेले होते. मजल संपल्यावर घोड्याचे खोगीर लगेच उतरवीत नसत. तंग ढिला करून, घाम जिरेपर्यंत त्याला फिरवून मगच पाठ मोकळी केली जाई, कारण तापल्या पाठीला एकदम वारा लागला की सूज येते आणि पाठ लागलेला घोडा पुढे कित्येक दिवस निकामी होतो. त्यानंतर मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा चाकर, त्याला पुढच्या दोराने आणि मागच्या पायांना बांधलेल्या दोराने मेखांशी जखडी; या दोरांना अनुक्रमे अगाडी आणि पिछाडी म्हणत, आणि त्यांच्यामुळे ओळीने बांधलेली जनावरे एकमेकांना लाथा मारू शकत नसत. मग खरारा करून धूळ आणि वाळलेला घाम काढणे, खूर तपासून खडे काढणे, पाणी पाजणे आणि शेवटी तोंडाला तोबरा चढवून चंदी, म्हणजे भिजवलेल्या हरभऱ्यासारखा दाणा देणे, असा क्रम असे. ज्या भागात हरभरा कमी आणि लाखोळी जास्त पिकते तेथे चंदीची सोय आधीपासून लावून ठेवणे किती आवश्यक होते, हे यावरून समजते.

भोसल्यांच्या पूर्वेकडील स्वाऱ्या याच चौकटीत घडल्या. १७४१ च्या सुमारास भास्करराम कोल्हटकर छत्तीसगडमधील रतनपूरवर चालून गेला, पुढील वर्षी त्याचे घोडेस्वार बंगालमध्ये शिरले, आणि १७४४ मध्ये नवाब अलीवर्दीखानाने भेटीला बोलावून दग्याने त्याचा वध केल्यानंतरही या मोहिमा थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहाने बंगालच्या चौथाईपोटी दरसाल बारा लाख रुपये आणि ओडिशाचा ताबा भोसल्यांकडे आला, तेव्हापासून नागपूर ते कटक ही वाट मोहिमेबरोबर नियमित अंमलाचीही झाली. बंगालमध्ये बारगीर या नावावरून आलेला ‘बर्गी’ हा शब्द भीतीशी कायमचा जोडला गेला. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या गावांना लुटीचा तसा अनुभव आला नसला, तरी आपल्याच राज्याचे लष्कर वाटेवरून जाते तेव्हा गवत, लाकूड, मडकी आणि दाणा पुरवण्याचा भार याच गावांवर पडणे अटळ होते. तुमसरजवळचा आंबागड, सानगडीचा किल्ला आणि पवनीचा कोट ही या मुलखातील ठाणी सत्तेच्या कायम वस्तीची ठिकाणे होती. उरलेल्या प्रदेशात सत्ता दिसे ती फिरत्या घोड्यांच्या रूपाने.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या वाटेचे वर्णन परदेशी प्रवाशांनीही लिहिले. डॅनियल लेकी याने १७९० मध्ये कटकहून बोरासांबरमार्गे नागपूरला केलेल्या प्रवासाची दैनंदिनी १८०० मध्ये छापून प्रसिद्ध झाली. असा प्रवासी मजला आणि नद्या टिपून ठेवी, कारण पुढे येणाऱ्याला सर्वांत आधी हवे असे ते पाणी आणि उताराचे ज्ञान. पुढे १८०३ च्या देवगावच्या तहाने ओडिशा भोसल्यांच्या हातून गेली, नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईने त्यांची लष्करी सत्ता मोडली, आणि रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने राजाच्या अज्ञानपणाच्या काळात राज्याचा कारभार स्वतःकडे घेतला. १८२०-२१ मध्ये या भागाच्या कारभाराचे ठिकाण लांजीहून भंडाऱ्याला आले आणि १८२१ मध्ये नागपूरजवळ कन्हानच्या काठी कामठीची छावणी स्थापन झाली. घोडदळाच्या मोहिमा संपल्या, बारगीर आणि शिलेदार यांची चाकरी आटली. पण घोड्यावरून फिरणारी सत्ता मात्र संपली नाही, तिने वेश पालटला.

तिसरे रघूजी १८५३ मध्ये वारल्यानंतर नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. १८६२ पासून चीफ कमिशनर असलेला रिचर्ड टेम्पल हा प्रांतभर घोड्यावरून फिरणारा प्रशासक म्हणून प्रसिद्ध होता, आणि जमाबंदी, म्हणजे शेतसारा ठरवण्यासाठी गावोगावच्या जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करणारी व्यवस्था, याच काळात सुरू झाली. कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा जमाबंदीचा आणि वनखात्याचा अधिकारी याच वर्षांत सातपुड्यात तंबू ठोकत हिंडला आणि १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने मध्य भारताच्या डोंगराळ भागाची ओळख इंग्रजी वाचकांना करून दिली. या फिरतीचे ऋतुमान मात्र बदललेले नव्हते : पाऊस ओसरून वाटा वाळल्यावर निघायचे आणि उन्हाळा कडक होण्याआधी परतायचे. या नियमाबाहेर जाण्याची किंमत स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने मोजली. १८४५ पासून नागपुरात शिक्षणकार्य करणारा आणि या भागातील भूस्तर, जीवाश्म व आदिवासी समाज यांचा अभ्यास करणारा हिस्लॉप सप्टेंबर १८६३ मध्ये टेम्पलच्या मुक्कामाबरोबर टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहायला गेला होता, आणि संध्याकाळी घोड्यावरून एकटाच मुक्कामाकडे परतत असताना पुराने फुगलेल्या नाल्यात बुडून मरण पावला. त्याची टिपणे टेम्पलने १८६६ मध्ये संपादित करून छापली, आणि नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्याच्या नावाने पुढे १८८३ मध्ये उभे राहिले.

इंग्रजी अमदानीतील जिल्हाधिकाऱ्याचा हिवाळी दौरा ही मुक्कामाच्या परंपरेची अखेरची मोठी आवृत्ती होय. अधिकाऱ्याबरोबर सहसा तंबूंचे दोन संच असत. एका संचात तो राहत असताना दुसरा बैलगाड्यांवर लादून रात्रीतूनच पुढच्या मुक्कामावर नेला जाई, त्यामुळे सकाळी घोड्यावरून वाटेतली गावे, पिके आणि तलाव पाहत तो तेथे पोचेपर्यंत राहुटी आणि कचेरीचा तंबू उभे राहिलेले असत. घोडा एका दिवसात कितीतरी अधिक अंतर कापू शकत असला तरी मजल बैलगाडीच्या चालीवर ठरे, म्हणून ती सामान्यतः पंधरा ते पंचवीस किलोमीटरांची असे. मुक्कामाची जागा म्हणून आमराईला पसंती असे, कारण तेथे सावली, कोरडी जमीन आणि बहुधा जवळच तलाव किंवा विहीर असे. तेथेच तक्रारी ऐकल्या जात, पटवाऱ्याची कागदपत्रे तपासली जात आणि किरकोळ दावे निकालात निघत. रयतेला साहेबाची गाठ जिल्ह्याच्या गावी हेलपाटे न घालता पडे, ही या रीतीची चांगली बाजू होती. दुसरी बाजू रसदेची होती. दूध, कोंबड्या, सरपण, गवत आणि गाडीबैल यांचा पुरवठा मालगुजाराने, म्हणजे शेतसारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या गावमालकाने करायचा असे, तो ते काम गावच्या कोतवालावर आणि कोतवाल ते दुबळ्या घरांवर ढकली, आणि साहेबाने दिलेले पैसे हाताखालच्या माणसांच्या साखळीतून खालपर्यंत पोचतीलच याची शाश्वती नसे. बेगारीविरुद्धची ओरड त्यामुळे दौऱ्याच्या मोसमाशी निगडित राहिली.

या सगळ्यात पहिला मोठा पालट लोहमार्गाने घडवला. मुंबईहून येणारी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली होती. तिच्या पुढे नागपूर-छत्तीसगड रेल्वे हा मीटर मापी मार्ग १८८० ते १८८२ या काळात टप्प्याटप्प्याने राजनांदगावपर्यंत खुला झाला, १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो घेऊन रुंद केला, आणि वरठीचे स्थानक मुंबई-कलकत्ता या महामार्गाचा भाग झाले. नागपूर ते भंडारा हे सुमारे साठ किलोमीटरांचे अंतर, जे तंबू-सामानासह तीन-चार मजलांचे होते, ते आता काही तासांचे झाले. घोड्याचे क्षेत्र मात्र लगेच नाहीसे न होता आखडत गेले. स्थानकापासून भंडाऱ्यापर्यंतचे अंतर मोटार येईपर्यंत जनावरांच्या बळावरच कापावे लागे आणि रुळांपासून दूर असलेल्या गावांत दौरा पूर्वीप्रमाणेच चालू राहिला. लांब पल्ला रेल्वेचा आणि आडवाट घोड्याची अशी वाटणी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत टिकून होती. पुढे डांबरी सडका आणि जीपगाड्या आल्या, १९५१ मध्ये मालगुजारी रद्द होऊन मुक्कामाला रसद पुरवणारा मधला दुवा गळाला, आणि तंबूंची जागा विश्रामगृहांनी घेतली. भंडारा जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला तेव्हा घोड्यावरून कारभार ही जुन्या माणसांच्या आठवणीतली गोष्ट होत चालली होती. शेतकऱ्याच्या गोठ्यात घोडा मुळातच नसल्यामुळे तो येथून गेल्यावर त्याच्याभोवतीची कारागिरी, बाजार आणि शब्दही मागे उरले नाहीत. झाडीपट्टीची जनावरांची हौस आजही शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, दिसते.

महाराष्ट्राच्या इतर भागांत चित्र वेगळे आहे आणि त्या फरकाची कारणे बोलकी आहेत. भीमेच्या खोऱ्यात भीमथडी जातीचे तट्टू मेंढपाळ धनगरांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहत आजपर्यंत टिकले, कारण तेथे ते गरीब माणसाच्या रोजच्या कामाचे जनावर होते. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. लष्करी मुक्कामाची रीत तर आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्यात जिवंत आहे : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी या सोहळ्याला शिस्त दिली तेव्हा बेळगावकडील अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू पुरवले, आणि त्यांच्याच घराण्याकडून आजही माउलींचा अश्व येतो. माथेरानला, जेथे मोटारींना बंदी आहे, घोडा पर्यटकांना डोंगरवाटांवरून फिरवून पोट भरणाऱ्या लोकांचे साधन झाला.

हौसेची घोडेस्वारी आणि घोड्यांसह मुक्काम यांची आजची मोठी उदाहरणे पाहायची तर अमेरिकेच्या दक्षिण अ‍ॅपलाशियन डोंगररांगांकडे वळावे लागते. तेथील ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात, जे १९३४ मध्ये स्थापन झाले, सुमारे ८८० किलोमीटर पायवाटा घोडेस्वारांना खुल्या आहेत आणि कॅटलूचीसारख्या दऱ्यांत घोडे बांधण्याची सोय असलेले मुक्कामतळ आहेत. त्या दऱ्यांत उद्यान होण्यापूर्वी शेतकऱ्यांची वस्ती होती आणि घोडा व खेचर ही त्यांच्या नांगराची, गिरणीच्या वाटेची आणि चर्चला जाण्याची जनावरे होती. उद्यानासाठी ती कुटुंबे उठवली गेली, पण घोड्यावर बसण्याची सवय आसपासच्या गावांत राहिली आणि जुन्या वाटा फिरण्याच्या कामी आल्या. भंडाऱ्याच्या परिसरातही नागझिऱ्यासारखी राखीव राने आहेत, वैनगंगेचा काठ आहे आणि आमराया आहेत. नव्हती ती घरोघरी घोडा असण्याची परंपरा. ज्या मुलखात घोडा रयतेचा होता तेथे राज्य बदलले, रेल्वे आली, मोटार आली, तरी कुठल्या ना कुठल्या रूपाने तो उरला. जेथे तो केवळ लष्कराचा आणि सरकारचा होता तेथे लष्कर व सरकार गाडीत बसताच त्याचे प्रयोजन संपले. धानाच्या मुलखाने घोड्याला दीडशे वर्षे गवत पुरवले, परंतु त्या गवताचा हिशेब नेहमी दुसऱ्याच्या वहीत लिहिला गेला, आणि म्हणूनच त्याच्या जाण्याने येथील शेतकऱ्याचे नुकसान झाल्याची नोंद कोठेही करावी लागली नाही.